गेटवर अडलेले धपाटे : पार्कात फिरायला गेल्यावर काय खाल्लं, काय फसलं?

औशाची लेक
लेकीची परीक्षा संपली आन घरात हैदराबादचं निघालंय. एक दिवस रामोजी फिल्म सिटी, एक दिवस वंडरला पार्क. नवरा तिकिटं बघत बसलाय, मी म्हणलं आपण खायचं बघू, म्हणून वरच्या फळीवरचा पाच खणी डबा खाली काढला. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, डबा बघितला आन जे हसायला लागल्या... "ह्यो परत गेटवर अडवून घ्यायचाय का?"

तर त्याचं असं झालतं. २०१४ ची दिवाळीची सुट्टी, क्रूझर करून अकरा माणसं रातच्याला निघालो, पार मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कला (नाव घेत नाही, चूक आमची बी होतीच). आदल्या दिवशी आम्ही दोघी जावा आन सासूबाईंनी मिळून साठ-पासष्ट धपाटे केलते, वर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याची बरणी. सकाळी दहाला गेटवर बॅगा उघडल्या आन तिथला पोरगा म्हणला खायचं आत जाणार नाही मॅडम, तिकिटाच्या मागं लिहिलंय. गाडीत ठेवा नाहीतर टाका. 'टाका' ऐकलं आन सासूबाईंनी पदर खोचला. "ज्वारी काय तुझ्या बापानं पिकवली का" इथपर्यंत गेलं. शेवटी पार्किंगमध्येच सतरंजी टाकली, साडेदहाला सगळ्यांनी दाबून खाल्लं, ड्रायव्हरला दिले, शेजारच्या बसच्या क्लीनरला दिले, आन सासूबाई परत गेटवर जाऊन त्याच पोराला दोन धपाटे देऊन आल्या. पोरगा आपल्याकडच्या भूमचा निघाला! पाया पडला त्यांच्या, पण डबा काही सोडला नाही आत. नोकरी हाय म्हणला.

आत गेल्यावर पोटं अशी टम्म की निम्म्या जणांनी पाळण्यात बसायलाच नाही म्हणलं. चारला भूक लागली तवा आत दोन थाळ्या आन लेकरांना फ्राईज घेतले, बिल बघून मामंजी अंधार पडेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

सांगा बरं, तुम्ही काय करता? पार्क, वॉटर पार्क, परदेश, काय बी चालतंय.

परभणीकर
भूमचा पोरगा 😂😂

बाहेरचं खाणं बहुतेक मोठ्या पार्कांत चालत नाही, ते धरूनच चालायचं. तान्ह्या लेकराचं दूध, बाळाचं खाणं, औषधं एवढं सोडतात सहसा. आमच्या आईला शुगर आहे, डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवतो आणि बॅगेत बिस्किटाचा पुडा, आजवर कुणी अडवलं नाही. पण भांडायचं नाही, सकाळी सकाळी भांडलं की दिवस जातो.

बीडचा बाप्पा
मपला अनुभव खाण्याचा नाही उलट्याचा आहे. जेवतानी वाचू नका.
सकाळी हायवेला मिसळ हाणली, दोन पाव जास्तीचे, वरून ताक. आत गेल्या गेल्या मेव्हणा म्हणला दाजी ते उलटं फिरणारं आहे ना त्यात बसू, गर्दी नाही आत्ता. गर्दी कामून नव्हती ते नंतर कळालं. खाली उतरलो तवा मपल्या पुढच्या सीटवरचा माणूस मपल्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी मरेपर्यंत इसरणार नाही. त्याचा शर्ट पांढरा होता.
तवापासून नियम: आधी पाळणे, मग जेवण. जेवल्यावर तासभर बसून खेळायचे खेळ, थेटरातले शो, आगगाडी असलं. ताक तर अजिबात नाही.

उदगीरची सून
बाप्पा 🤣 त्या माणसाचं काय झालं मग

बीडचा बाप्पा
नवीन टीशर्ट घेऊन दिला, पार्कातल्याच दुकानातून. मिसळीच्या दसपट पैसे गेले.

नांदेडी
औशाची लेक, रामोजीला आम्ही दोनदा जाऊन आलोय. हे ध्यानात ठेवा की ते शहरापासून लांब आहे आणि आत एवढं मोठं आहे की बसनंच फिरवतात, त्यामुळं "भूक लागली की खाऊ" हे तिथं चालत नाही, भूक लागते तवा तुम्ही बसमध्ये असता. पहिल्या वेळेस आमचं तेच झालं, दीड वाजता खाण्याच्या ठिकाणी पोचलो तर अख्खं आंध्र-तेलंगण आमच्या पुढं लाईनीत. बाबांना वेळेवर जेवण नसलं की डोकं फिरतं, त्यांनी तिथंच जाहीर केलं की निजामाच्या राज्यात सुद्धा एवढी उपासमार नव्हती. ते मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी ऐकत मोठे झाले, १७ सप्टेंबरला न चुकता झेंड्याला जातात, त्यांनी असं म्हणणं म्हणजे बघा.
दुसऱ्या वेळेस शहाणे झालो. हॉटेलवर सकाळी इडली-उपमा पोटभर, पावणेबारालाच जेवलो, सगळे जेवायला निघाले तवा आम्ही शो बघायला निघालो, रिकामे पडलेले. साडेतीन-चारला चहा. जेवणासकटची तिकिटं पण असतात, म्हातारी माणसं सोबत असतील तर घ्या, बिल बघून रुसणं टळतं.
आणि आंध्राची थाळी मिळाली की पप्पू म्हणजे वरण, त्यावर तूप आणि पोडी म्हणजे कोरडी चटणी टाकून भात खा. आपल्याकडच्या माणसाला ते तिखट परकं वाटत नाही. येताना शहरात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट, ते सोडू नका.

उदगीरची सून
उस्मानिया बिस्किटं आमच्याकडं पाहुणे आले की आणतातच, हैदराबाद आम्हाला लातूरपेक्षा जास्त जवळचं वाटतं कधी कधी.
ताई धपाटे प्रवासाला करताना दही घालता का तुम्ही पिठात?

औशाची लेक
नांदेडी दादा लई उपयोगाचं सांगितलं, पावणेबारा लिहून ठेवलं. मामंजींना जेवणासकटचंच घेते.
दह्याचं सासूबाईंना विचारून सांगते, आत्ता पाणी आलंय नळाला, दहा दिवसांनी

जालनेकर
पाणी आलंय 😀 आमच्याकडंबी तीच कथा.
पाण्यावरून आठवलं, पार्कात बाटलीबंद पाण्याची बाटली घेताना छापील किंमत बघत जा. एकाच बाटलीवर बाहेर वेगळी एमआरपी आणि पार्कात, मॉलमध्ये वेगळी एमआरपी छापायची हे २०१८ पासून बंद केलंय. मी एकदा विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणला सर ही आमची स्पेशल बाटली आहे. मी म्हणलं १९१५ लावू का, ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे तो. लगेच साधी बाटली निघाली खालून. बायको मात्र म्हणते वीस रुपयासाठी अर्धा तास उन्हात उभं केलंत, ते पण खरंय.
रिकामी बाटली आत नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी प्यायच्या पाण्याचा नळ असतो. मे महिन्यात आपल्याकडं एवढं ऊन असतं तरी आपण पाणी कमी पितो, पार्कात लेकरं खेळण्याच्या नादात पितच नाहीत आणि रात्री डोकं धरून बसतात.

सेलूचे गुरुजी
शाळेच्या सहलीचा अनुभव चालेल का? चालत नसला तरी सांगतो.
त्या काळी आमचं पार्क म्हणजे पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान. लाल परीच्या दोन बस, एकशे चार लेकरं, वेरूळ, दौलताबाद करून संध्याकाळी कारंजी बघायला. मोजणी करता करता घसा बसायचा. प्रत्येकानं घरून शिदोरी आणायची, दुपारी एकत्र सोडायची. कुणाकडं पोळी-भाजी, कुणाकडं नुसती भाकर आणि लाल चटणी, कुणाकडं शिरा. मी एक पाहिलंय, ज्यांच्याकडं फक्त भाकर असायची ती पोरं कडेला जाऊन बसायची. मग मी सगळ्यांच्या शिदोऱ्या एका सतरंजीवर ओतायला लावायचो, काला. काल्यात कुणाची भाकर कुणाची पोळी काय कळत नाही.
एकदा एका वाडीच्या पोरानं रुमालात मुरमुरे बांधून आणलेले, त्याच्या आईनं सांगितलेलं सुशीला (भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे) करून खा म्हणून, पण फोडणी कुठून आणायची? बसच्या ड्रायव्हरनं स्टोव्ह काढला. कांदा ढाब्यावरून मागून आणला. ते सुशीला आठ जणांनी खाल्लं, मी पण.

परभणीकर
गुरुजी 🙏
सुशीला म्हणलं की पुण्याचे रूममेट विचारायचे कोण ही

हिंगोलीकर
शेगावचं कुणीच लिहिलं नाही? आनंदसागरची ती बारकी आगगाडी, त्याच्यासाठी आम्ही दर वर्षी हट्ट करायचो. जेवायचं टेन्शनच नव्हतं, संस्थानचा महाप्रसाद, एवढी माणसं रोज जेवतात पण जागा अशी लख्ख की घरी तेवढी नसते. आता आनंदसागरचं रूप बदललंय, तवासारखे खेळ राहिले नाहीत. पण माझ्या डोक्यात अजून पार्क म्हणलं की तिथलं वरण-भातच येतं.

लातूरकर आज्जी
मोबाईलवर सूनबाई लिहून देतेय मी सांगते तसं, चुकलं तर तिचं. आम्ही गेल्या साली लेकाकडं अमेरिकेला गेलतो आणि त्यानं ऑरलँडोचं डिस्ने दाखवलं. मी आधीच म्हणलं मला गेटवर भांडण नको, तर लेक म्हणला आई इथं घरचं खाणं आत नेऊ देतात! काचेची बरणी तेवढी नाही, दारू नाही, बाकी चालतं. मग काय, मी मेथीच्या दशम्या, चटणी, लाडू सगळं बांधलं, नातवाच्या ढकलगाडीच्या खालच्या जाळीत ठेवलं आणि त्या महालासमोर बसून खाल्लं, बाजूची गोरी बाई टर्कीची एवढी मोठी तंगडी हातात धरून खायली होती आन माझ्या दशमीकडं बघायली होती.

पाण्याचं म्हणाल तर तिथं खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी पेल्यात फुकट देतात. हे मला तीन दिवसांनी कळालं, तोवर लेकानं बाटल्यांना पैसे घातले. आणि बसून जेवायचं हॉटेल असलं तर दोन महिने, साठ दिवस आधी नंबर लावावा लागतो. मी म्हणलं जेवायला का लग्नाचं कार्यालय आहे का! मिकी माऊस टेबलापाशी येतो त्या ठिकाणी तर लोक टपून असतात. थोरला नातू नऊ वर्षांचा, म्हणून त्याला लेकराचा दर लागला, दहाचा झाला की मोठ्यांचा दर. सूनबाई म्हणाली आत्याबाई बरं झालं यंदाच आलो.

एके ठिकाणी अकरा देशांची दालनं आहेत, तळ्याभोवती, प्रत्येकात त्या त्या देशाचं खायला. मेक्सिको, जपान, नॉर्वे. आपला देश नाही त्यात, मला वाईट वाटलं. पण लेकानं जनावरं दिसतात त्या हॉटेलात नेलं, साना नाव त्याचं, तिथं नान, पापड आणि नऊ वाट्यांत चटण्या असं मिळतं आणि खिडकीतून जिराफ दिसतो. सात समुद्र ओलांडून जिराफाकडं बघत नान खाल्ला. चटण्या बऱ्या होत्या, पण एकीतबी आपल्या लसणाच्या चटणीचा झटका नाही.

बीडचा बाप्पा
आज्जी जिराफ बघून उलटी नाही ना झाली कुणाला

लातूरकर आज्जी
गप रे. (हे मी सांगितलंय, सूनबाईनं नाही)

नांदेडी
आज्जी तुम्ही स्वतंत्र लिहा हो, आम्ही रोज वाचू.

वसमतचा पाटील
सगळ्यांचं वाचलं. वॉटर पार्कबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पाण्यात जी भूक लागते ती वेगळीच, आणि लेकरं ते क्लोरीनचं पाणी पितातच किती बी सांगा. तेलकट खायला देऊ नका, केळी, लिंबू सरबत, साधा भात. मोबाईल कोरडा आणि पैसे ओले असं होतं, काही ठिकाणी कार्डात पैसे भरून घ्यावे लागतात, उरलेले परत मिळतात का हे आधीच विचारा. माझे तीनशे एका कार्डात पडून आहेत, कार्ड अजून देवघरात आहे.

आणि औशाची लेक, उदगीर-बिदर-जहीराबादवरून जाताय का? त्या रस्त्याचं काम कुठवर आलंय कुणाला माहीत आहे का?

उदगीरची सून
बिदरहून जा दादा, वेळ असला तर किल्ला बघा, आम्ही तिथंच झाडाखाली डबा सोडतो दर वेळी.

औशाची लेक
आमचं ठरलं. धपाटे करायचेच, पण बिदरला संपवायचे, पार्कात काही न्यायचं नाही. सासूबाईंनी मान्य केलं पण एका अटीवर, परतीच्या वाटेसाठी वीस वेगळे बांधून गाडीत ठेवायचे, "भूमचं पोरगं कुठंबी भेटंल".

उदगीरची सून, विचारलं दह्याचं. म्हणतात एका दिवसाचं असलं तर दह्यात मळायचे, मऊ राहतात. दोन-तीन दिवसांचं असलं तर दही नको, आंबतात, पाण्यात मळायचे आणि तेल जरा सढळ. ज्वारीच्या पिठात हरभऱ्याचं पीठ आणि थोडी कणिक, तीळ, लसूण, लाल तिखट.

उदगीरची सून
कणिक किती पण? माझे थापताना फाटतात.

औशाची लेक
थांबा, त्या टीव्ही बघायल्यात, जाहिरात लागली की विचारते.