कॅलिफोर्निया: रेस्टॉरंटमधलं उरलेलं जेवण दान करायचा नियम, कोणी प्रत्यक्ष करतंय का?

मेथीची_जुडी
आमच्या दिरांचं साऊथ बेमध्ये रेस्टॉरंट आहे, मागे हॉल पण आहे, तिथे मुंजी, डोहाळजेवणं, साखरपुडे चालू असतात. हिशोब आणि कागदपत्रं मी बघते. गेल्या आठवड्यात सिटीचं पत्र आलं की एसबी १३८३ (ओला कचरा कमी करायचा कॅलिफोर्नियाचा कायदा) खाली तुम्ही टियर २ मध्ये, म्हणजे नियम लागू होणाऱ्या व्यवसायांच्या दुसऱ्या गटात येता, तर उरलेलं खाण्याजोगं अन्न टाकू नका, दान करा, त्यासाठी संस्थेशी लेखी करार दाखवा आणि दर महिन्याला किती पाउंड दिलं ते लिहून ठेवा. खरं सांगते मला बरंच वाटलं, कारण शनिवारी रात्री जिरा राइसचं अर्धं पातेलं कचऱ्यात ओतताना माझ्या पोटात कालवतं, कितीतरी वर्षं बघतेय हे. पण दीर घाबरलेत. त्यांचं म्हणणं आपल्या सीट्स २२० च आहेत मग आपल्याला कसं लागू, आणि कोणी खाऊन आजारी पडलं तर केस आपल्यावरच. आणि मुख्य म्हणजे रात्री साडेदहाला न्यायला येणार कोण? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

किचनवाला
मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे, आम्हीही टियर २ च (२०० खोल्या आणि जेवणाची सोय असलेली हॉटेलं त्यात येतात). रेस्टॉरंटला २५० सीट्स *किंवा* ५,००० स्क्वेअर फूट, दोन्हीतलं एक भरलं की झालं. तुम्ही हॉल, किचन, स्टोअर सगळं धरून मोजा, बहुतेक त्यातच आला असाल. सुपरमार्केट, होलसेलवाले यांना २०२२ पासून लागू आहे, आपल्याला १ जानेवारी २०२४ पासून. छोट्या टपरीवजा हॉटेलांना नाहीये हे.

केसचं म्हणाल तर त्यासाठी १९९६ चा फेडरल कायदाच आहे, बिल एमर्सन गुड समॅरिटन, चांगल्या मनाने संस्थेला अन्न दिलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. जाणूनबुजून खराब दिलं किंवा अगदीच बेफिकिरी केली तर नाही, ते बरोबरच आहे. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये स्वतःचा कायदा अजून पक्का केला, त्यात पाकिटावरची तारीख उलटलेलं पण चांगलं असलेलं अन्नही धरलंय. ही दोन्हींची माहिती प्रिंट करून दिरांच्या हातात द्या, आमच्या शेफचीही भीती तशीच गेली. हो आणि दान करायला लागू नये म्हणून अन्न मुद्दाम खराब करणं याला तर स्पष्ट मनाई आहे.

मुद्दा एकच लक्षात ठेवा, जे *टाकलं गेलं असतं* तेच द्यायचंय. स्टाफ घरी घेऊन गेला तर काही प्रॉब्लेम नाही.

रविवारची_गाडी
मेथीची_जुडी, मी चार वर्षं व्हॉलंटियर म्हणून अन्न उचलायला जाते तर दुसऱ्या बाजूने सांगते. रात्री साडेदहाला कोणी येत नाही आणि यायची गरजही नाही, सकाळी येतात. पण त्यासाठी अन्न रात्रीच नीट गार झालं पाहिजे, आणि आपल्या लोकांचं तिथेच चुकतं. डाळ, छोले खोल पातेल्यात तशीच फ्रिजमध्ये ठेवतात, वरून गार लागतं आणि मध्यभागी पहाटेपर्यंत कोमट, असं आम्हाला परत करावं लागतं, तेव्हा फार वाईट वाटतं हो. नियम असा की १३५ फॅरनहाइटवरून दोन तासात ७० च्या खाली आणि पुढच्या चार तासात ४१ पर्यंत. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर करा, ट्रे बर्फावर ठेवा, सहज होतं.

बुफेवर मांडलेलं नको, लोकांनी डाव घातलेले असतात. आतलं, न मांडलेलं द्या. म्हणून बुफे एकदम भरू नका, थोडं थोडं बाहेर काढा, तेवढ्यानेच दान करण्यासारखं किती वाढतं बघा.

आणि लेबल! शेल्टरमध्ये जेवणाऱ्याला आपल्या ग्रेव्हीत काजू आहे हे कळणार कसं? दूध, गहू, दाणे, काजू-बदाम, तीळ (२०२३ पासून तीळही अॅलर्जीच्या यादीत आलाय) हे मोठ्या अक्षरात इंग्लिशमध्ये लिहा, तारीख टाका. भात, डाळ, पोळ्या, फार तिखट नसलेल्या भाज्या हे सगळं संपतं. एक आजोबा आमच्याकडे दर वेळी वरणाला काय म्हणतात ते विचारून घेतात.

सदाशिव_पेठ
पुण्यातून वाचतोय. आपल्याकडे एफएसएसएआयचे (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) २०१९ चे नियम आहेत उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे, पण ते द्यायचं असेल तर *कसं* द्यायचं ते सांगतात, द्यायलाच पाहिजे असं नाही. मुंबईत माजी पोलीस कमिशनर डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन रोटी बँक सुरू केली, ती अशी माणसांच्या इच्छेवर उभी आहे. इथल्या मंगल कार्यालयात रात्री जे बघतो त्यावरून माझं स्पष्ट मत, सक्ती हवी.

ओकलंडकर
सक्ती हवी हे मान्य, पण घेणाऱ्या संस्थेवर घ्यायची सक्ती नाहीये हेही सांगा. त्यांच्याकडे फ्रिज किती, गाडी किती, त्यावर सगळं. काउंटीने ती क्षमता मोजून वाढवायची असं नियमात आहे आणि खरा पैसा तिथे लागायला हवा, नुसत्या दंडाने (स्टेटच्या नियमात पहिल्यांदा ५० ते १०० डॉलर, नंतर ५०० पर्यंत) काही होणार नाही. त्यामुळे करार एकाच संस्थेशी करून थांबू नका, दुसरी पण बोलून ठेवा.

मेथीची_जुडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन मोजलं, हॉल धरून ५,४०० भरलं, म्हणजे आहोतच आम्ही. दिरांना गार करण्याचं पटलं, सहा पसरट ट्रे आणलेत. एका संस्थेशी बोलणं झालंय, रविवारी सकाळी आठला गाडी येईल. रविवारची_गाडी, वजन करताना ट्रेचं वजन वजा करायचं ना? आणि पोळ्या फॉइलमध्ये देऊ की डब्यात?

रविवारची_गाडी
हो, रिकामा ट्रे आधी मोजून त्यावरच मार्करने लिहून ठेवा. पोळ्या फॉइलमध्ये, दहा-दहाच्या, पण पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा, नाहीतर घाम सुटतो.