दहा मिनिटं फार होतात

आपल्या बेळगावच्या कविता-गाण्याच्या कार्यक्रमात ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन आपलं वाचावं त्या वेळात, प्रत्येकी दहा मिनिटं द्यावीत असं कुणी सुचवलंय. नको हो! मागच्या खेपेला खानापूरकडच्या एका काकांना थांबवायला गेलो, तर म्हणाले, 'वाचालोय की, थांबा जरा!' चार मिनिटं पुरेत.

गाणं मात्र मध्यंतरानंतर ठेवा. तानपुरा-तबला जुळवायला वेळ लागतो, तो चहात जिरतो. गायक कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, कवयित्री इंदिरा संत तर बेळगावातच राहिल्या. कुमारांसारखं निर्गुणी (निराकार देवाचं) भजन आणि कविता एका सतरंजीवर शोभतील.

आणि कन्नड कवितांनाही माइक द्या. धारवाडच्या कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठीच बोलत, १९७३ चं ज्ञानपीठ मात्र त्यांच्या कन्नड कवितेला मिळालं.

सतरंज्या कमी पडल्या तर आमच्याकडच्या दोन आणतो.