पाणवनस्पतींच्या टाकीत वाळूवर धरणारा निळसर-हिरवा थर

प्रश्न (फोंडा):
मंडळी, नमस्कार. माझ्या साठ लिटरच्या टाकीत पाऊस सुरू झाल्यापासून वाळूवर आणि क्रिप्टोकोरीनच्या पानांवर गडद निळसर-हिरवा, बुळबुळीत थर पसरू लागला आहे. उचलला की तो सायीसारखा सलग निघून येतो आणि हाताला कुबट, मातकट वास राहतो; मात्र आठवडा सरायच्या आत तो पुन्हा धरतो. शेवाळावरच्या औषधाचा उपयोग झाला नाही. नायट्रेटची चाचणी शून्य दाखवते. टाकीत गप्पी, निऑन टेट्रा आणि थोडी कोळंबी आहे. काय करावे?

प्रतिसाद (म्हापसा):
वर्णनावरून हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, असावेत; म्हणूनच शेवाळखाऊ मासेही सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. तुमच्या प्रश्नातील शून्य नायट्रेट मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नायट्रेटवाचून वनस्पतींची वाढ खुंटते, तर या जिवाणूंच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतात आणि त्यांना रान मोकळे मिळते.

आधी नळीने थर शोषून घ्यावा व निम्मे पाणी बदलावे. मग टाकी जाड कापडाने 3 ते 4 दिवस अशी झाकावी की प्रकाशाची तिरीपही आत जाणार नाही; त्या काळात वनस्पतींसाठी टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो बंद ठेवून एअर पंप अखंड चालवावा. कापड काढल्यावर मेलेला थर लगेच शोषून पुन्हा पाणी बदलावे, कारण तो कुजला की अमोनिया वाढतो आणि कोळंबी आधी दगावते. पुढे पोटॅशियम नायट्रेट देऊन नायट्रेट 10 ते 20 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान राखावे, नाहीतर झाकण्याचा खटाटोप वाया जाईल.

प्रतिसाद (मडगाव):
एवढे सोपस्कार कशाला? एरिथ्रोमायसिनने हा थर हमखास जातो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद (म्हापसा):
जातो, हे मान्य. पण मूळ कारण तसेच राहिले तर तो परतूनही येतो. शिवाय ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे प्रतिजैविक आहे, आणि टाकीतले बदललेले पाणी आपण बहुधा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा परसातच ओततो. अर्धवट मात्रेने प्रतिरोधक जिवाणू तयार होतात ते वेगळेच. माझ्या मते हा अगदी शेवटचा उपाय होय.

प्रश्नकर्ता (फोंडा):
आभारी आहे. पावसात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि फिल्टर तासन्‌तास बंद राहतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

प्रतिसाद (डिचोली):
नक्कीच असू शकतो. पाणी साचून राहिले आणि वाळूवर गाळ बसला की हा थर तिथेच आधी धरतो. बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा. तो महागही नाही. डबाबंद फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल, तर वीज येताच तो तसाच सुरू करू नये, कारण आतल्या पाण्यातला प्राणवायू संपून ते नासलेले असते. आधी ते पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलके खळबळावा आणि मगच बटण दाबावे. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने स्पंज धुतलात, तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतील.