मदत हवी आहे: आर्कान्सॉचं गावरान बोलणं वऱ्हाडीत आणायचंय
नमस्कार मंडळी. सध्या रोज रात्री मी 'लम अँड ॲबनर' ही जुनी अमेरिकन रेडिओ मालिका ऐकतेय. आर्कान्सॉ राज्यातल्या चेस्टर लॉक आणि नॉरिस गॉफ या मित्रांनी ती १९३१ ते १९५४ अशी चालवली. पाइन रिज नावाच्या कल्पित गावात दुकान चालवणारे दोन म्हातारे, आणि गावातली बाकीची कितीतरी माणसंही याच दोघांच्या आवाजात! सुरुवातीला फोन वाजतो. लाइन सामायिक, म्हणून आधी कान देऊन ऐकायचं, रिंग आपलीच आहे ना, मगच उचलायचा. १९३६ साली तर वॉटर्स या खऱ्या गावानं मालिकेवरून स्वतःचं नाव पाइन रिज करून घेतलं.

माझ्या आईला इंग्रजी कळत नाही. तिला एक भाग मराठीत वाचून दाखवायचाय. प्रमाणभाषेत लिहून पाहिला, सगळी गंमतच गेली. आम्ही साताऱ्याकडचे, पण या दोघांचं निवांत बोलणं मला वऱ्हाडीच्या जवळचं वाटतं. वऱ्हाडातलं कुणी माझी चार पानं तपासून देईल का? शिव्या नाहीत, नुसती घासाघीस आणि रुसवेफुगवे आहेत.

आणि पाइन रिजचं संग्रहालय कुणी पाहिलं असेल तर जरूर सांगा.