इलेक्ट्रिक गाडीत पाय जुळत नाही, घाटात आईला त्रास होतो

कराडकर:
नमस्कार मंडळी. चौदा वर्षं डिझेल गाडी चालवली, दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली. गाडी मनापासून आवडली आहे, पण ॲक्सिलरेटरला जरा पाय लागला की उसळते आणि पाय उचलला की अडते. परवा आईला घेऊन चिपळूणला गेलो. कुंभार्ली घाटात दर वळणाला तिची मान पुढे-मागे. पोफळीला पोचेपर्यंत दोनदा थांबलो. मळमळ होऊ नये म्हणून हातात धरलेलं लिंबू तिनं नखानं पार सोलून काढलं होतं. तोंडातून एक शब्द नाही, तेच जास्त लागलं. मोड स्पोर्ट होता, रीजेन (पाय उचलला की मोटारच गाडी अडवून वीज बॅटरीत परत भरते, ते) सगळ्यात वर. काय बदलू?

नाशिकवाला:
आधी ईको मोड लावा. पेडल तेवढंच दाबलं तरी सुरुवातीला टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, कमी मिळतो. निम्मा त्रास तिथेच जाईल.

ड्रायव्हिंग शिकवणारा, कोल्हापूर:
दादा, चूक तुमची नाही, सवय डिझेलची आहे. तिथे पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला क्षण जातो, म्हणून आपण थोडं जास्तच दाबतो. मोटार शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, ते जास्तीचं दाबणं लगेच चाकावर येतं.

आणि पाय ‘उचलायचा’ नाही, सैल करायचा. टाच फरशीला टेकलेली ठेवा, फक्त चवडा हलवा. पेडलच्या प्रवासात एक जागा अशी येते की गाडी ओढतही नाही आणि रीजेनने अडतही नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगात ती जागा शोधा, पायाला कळेपर्यंत. वळणाआधी हळूहळू तिथपर्यंत या आणि मग तिच्याही मागे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला अर्धा तास एवढंच करायला लावतो.

रत्नागिरीहून:
एक जपा. शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, मग बहुतेक गाड्यांत रीजेन फार कमी होतं. पाय सैल केल्यावर गाडी नेहमीसारखी अडत नाही आणि छातीत धस्स होतं. ब्रेकवर पाय तयार असू द्या.

कराडकर:
सगळ्यांचे आभार. रविवारी पुन्हा गेलो, ऐंशी टक्के चार्जवर. ईको, रीजेन कमी करून एक नंबरवर, टाच फरशीला. ती मधली जागा मला कोयनानगरच्या अलीकडे सापडली. घाटात ब्रेक जास्त वापरावा लागला, पण धक्का नाही. शिरगावला चहाला थांबलो तर आई म्हणाली, “घाट संपला का रे?” लिंबू पिशवीतच होतं.

आता दोन नंबरवर सराव करतोय. तो जमला की तिला गुहागरला नेणार आहे.