‘लाइन्स टेकन ऑफ’ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी एक टिपण मराठीत आणतोय. १७८२ साली ब्रिटिशांनी ‘एबे’ ही फ्रेंच फ्रिगेट (युद्धनौका) पकडली, गोदीत तिच्या ‘लाइन्स टेक ऑफ’ केल्या, म्हणजे जहाज मोजून त्याचा आकार कागदावर आखला. हाती आलेल्या भाषांतरात ‘रेषा काढून टाकल्या’ आहे. ‘ड्राफ्ट’ला ‘मसुदा’, ‘बॉडी प्लॅन’ला ‘शरीर आराखडा’!

सुकाणू: ‘उतरवून घेतल्या’ म्हणा. पोथी उतरवून घेतात तशा. जहाज आधी, कागद नंतर. मसुदा वकिलाकडे असतो, इथे नकाशा.

तिरकस: नकाशा मुलखाचा. आराखडा म्हणा.

सुकाणू: नगरपालिकेकडून घराचा काय पास करून घेता? नकाशाच ना? शिवाय जहाज पाण्यात किती बुडतं तोही ‘ड्राफ्ट’च. तिथे ‘डूब’ चालेल.

फळीकर: ‘बॉडी प्लॅन’ म्हणजे आडवे छेद. उजव्या अर्ध्यात नाळेकडचे, म्हणजे पुढचे, डाव्यात पिछाडीचे. पण शब्दापेक्षा महत्त्वाचं, रेषा कशाची ते लिहा. ग्रीनिचच्या संग्रहातल्या आरमारी नकाशांत ती सहसा वाकांच्या (जहाजाच्या फासळ्यांच्या) बाहेरच्या कडेची असते, वरच्या फळ्या धरलेल्या नसतात. १:४८ प्रमाणाच्या प्रतिकृतीत ४ इंची फळी म्हणजे २.१ मिमी. तुम्ही ‘बाह्यरेषा’ लिहिलंत की कुणी ठोकळा त्याच रेषेवर तासणार आणि जहाज दोन्ही बाजू मिळून ४.२ मिमी अरुंद होणार.

बोरू: आणि जुना कागद ‘आटलाय’ हे चालेल?

तिरकस: दूध आटतं. कागद आकसतो.

सुकाणू: कापड धुतल्यावर आटतंच की आमच्याकडे.

फळीकर: आटो की आकसो, नकाशावर आखलेली मोजपट्टी आधी मोजा. पाव इंचाला १ फूट, म्हणून १०० फुटांना २५ इंच हवेत. २४¾ भरले तर १ टक्का गेला. तोच टक्का उंचीला लावू नका. कागद दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही, त्यामुळे छेद चपटे किंवा उभट होतात. उंची वेगळी ताडून पाहा.

बोरू: याच ‘एबे’च्या रेषांवरून पुढे मुंबईत ‘त्रिंकोमाली’ बांधली, १८१७. नकाशांचा पहिला संच १८१२त ‘जावा’ जहाजाबरोबरच गमावला, म्हणून दुसरा पाठवावा लागला. मग गोदीतलेच शब्द का घेऊ नयेत? कीलला, म्हणजे तळाच्या लांब तुळईला, पठाण, फ्रेमला वाक.

तिरकस: ‘पठाण’ वाचून लोक काबूलला पोचतील. ‘कणा’ लिहा.

सुकाणू: कोकणात होडी बांधणाऱ्याला ‘कणा’ सांगून बघा. माझ्या मते पठाण ‘पृष्ठ’वरून आला.

तिरकस: पृष्ठ वर असतं, पठाण तळाला!

सुकाणू: होडी उपडी घालून बघा.

बोरू: मंडळी, ‘उतरवून घेतल्या’ नक्की करू का?

तिरकस: आधी पठाणाचं ठरू दे.