२०२० नंतर यंत्रमागावर माणूस का टिकत नाही?

साधेमाग२४:
इचलकरंजीत माझे २४ साधे माग आहेत, वडिलांपासूनचे. पूर्वी कामगार दारात येऊन विचारायचा, "शेठ, माग रिकामा आहे का?" आता मीच फोन करत बसतो. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वे सुरू झाल्या आणि माझी नऊ माणसं बिहारला गेली. आले चार. दिवसपाळीला तिघं, रातपाळीला एकटा. तो आठ माग बघतो, बाकीचे सोळा, बीम (उभ्या सुताचा रूळ) चढवलेला असूनही, रात्रभर बंद उभे. मजुरीचा दर वाढवला, छठला महिनाभर सुट्टी कबूल केली. तरी नवा माणूस महिनाभरात निघून जातो. तुम्ही काय करता?

भिवंडीचा_पाव्हणा:
आमची माणसं गोदामांनी नेली. तिथं महिन्याचा पगार ठरलेला. आमच्याकडे वीज गेली की मजुरी गेली. मागांची दुरुस्ती-देखरेख बघणारा माझा जॉबरसुद्धा तिकडेच आहे.

जॉबरची_लेक:
शेठ, तुम्ही मजुरीचं लिहिलंत, एप्रिल २०२० चं नाही लिहिलं. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या मोजून. धोटा थांबला की हातात शून्य. आमच्या शेजारच्या खोलीत आठ जण राहायचे. चौघं दिवसपाळीला, चौघं रातपाळीला, त्यामुळे चार अंथरुणांत भागायचं. टाळेबंदीत आठही जण एकदम खोलीत आले आणि रात्री निम्मे भिंतीला टेकून बसायचे. रेशनकार्ड गावाकडचं. आई पातेलंभर आमटी पाठवायची. ८ मे ला औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते. त्या दिवशी बाबांनी आमच्या आठही जणांना फोन लावले, कुठवर पोचलात म्हणून. त्यांच्या मालकाचा एकालाही फोन नव्हता. एकानं जाताना पत्र्याची पेटी ठेवली होती, "चाची, महिन्याभरात येतो." ती अजून आमच्या माळ्यावर आहे. माणसं गावी गेल्यावर हे सगळं बोलतात. तुमच्याकडे यायचं की नाही, ते तिथं ठरतं.

सोलापुरी_टॉवेल:
ताईंचं पटलं. मी दोन गोष्टी केल्या. सूत नसो, वीज नसो, हजर माणसाला रोजाचे किमान पैसे द्यायचे. आणि बाराऐवजी आठ तासांच्या दोन पाळ्या, रात्री माग बंद. कापड कमी निघतं, खरंय. पण खाडे जवळपास थांबले आणि गेल्या दिवाळीला गेलेले सगळे परत आले. त्यातल्या एकानं भावाला आणलं.

साधेमाग२४:
ताई, कालपासून वही काढून बसलोय. एप्रिलमध्ये मी सगळ्यांना तांदूळ, डाळ, तेल दिलं होतं. देताना चांगलं वाटलं होतं. पण दिवाणजीनं ते उचलीत लिहिलं आणि मी खाली सही केली. परत आलेल्या चौघांकडून ते पैसे कापलेही गेले. शनिवारी हिशेबाला ते परत देतो. जे आले नाहीत त्यांच्या नावावरची उचल आजच खोडली.
सोलापूरकर, रात्री बंद ठेवल्यावर वीजबिलाचा स्थिर आकार अंगावर येतो का? २४ मागांचा हिशेब मांडतोय, तेवढं सांगा.